मनगट ओळखणारी जरिनाभाभी

उंब्रजला एसटी स्टँडवरून बाजारपेठेत वळलं की डाव्या हाताला चांदसाहेब मणेरांचं बांगड्यांचं दुकान लागतं. दुकान कसलं, खोपटंच. आत दोन बायका बसल्या की तिसरीनं पायरीवर उभं राहायचं. चांदसाहेब गल्ल्यावर बसायचे आणि त्यांची बायको जरिना पेटी घेऊन गावं फिरायची. मसूर, तारळे, चाफळ, पाल आणि मधल्या वाड्यावस्त्या धरून वीसेक गावं तिची. लग्न होऊन आली त्या साली सासूनं तिला स्वतःबरोबर फिरवलं, प्रत्येक दाराची ओळख करून दिली आणि पुढच्या साली म्हणाली, "आता ही गावं तुझी." दुसऱ्या घरात सून आली की तिला दागिने मिळतात, जरिनाला गावं मिळाली.

ती चेहरा विसरायची, पण मनगट विसरायची नाही. अमक्याची थोरली दोन-सहा, धाकटी दोन-चार, आणि त्यांची आई दोन-आठ, पण डाव्या हाताला जरा सैल, हे सगळं तिच्या डोक्यात. बाईचा हात हातात घेऊन, अंगठ्याच्या मुळाशी दाबत दाबत ती तो असा मऊ करायची की बांगडी कधी सरकून गेली ते कळायचंसुद्धा नाही. आणि हात एकदा भाभीच्या हातात गेला की बाईला उठता येत नसे. मग बाई बोलायची. नवरा, सासू, न झालेलं मूल, झालेलं मूल, माहेरचं भांडण, सगळं. सासूनं जरिनाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "एका घरचं दुसऱ्या घरी न्यायचं न्हाई. पेटीत फकस्त काच न्यायची." सव्वीस वर्षं जरिनानं हा नियम पाळला. म्हणून तर सगळी दारं तिला उघडी होती.

एवढ्या बायकांचं ऐकणाऱ्या जरिनानं स्वतःचं मात्र कुणाला सांगितलं नाही.

चार वर्षांपूर्वी, ती अठ्ठेचाळीस वर्षांची असताना, शौचाला रक्त पडायला लागलं. पहिल्यांदा तिला वाटलं उन्हाचं. मग वाटलं तिखटाचं. मग एकदा तारळ्याच्या वाटेवर रस्त्याकडेला "मूळव्याध, भगंदर, खात्रीशीर इलाज" असा बोर्ड दिसला, आणि पदर डोक्यावरून पुढं ओढून ती आत गेली. आतल्या माणसानं वर मान न करता विचारलं, "कवापासनं?" तिनं सांगितलं. त्यानं एक मलम दिलं, बारा पुड्या दिल्या आणि पुढच्या महिन्यात यायला सांगितलं. ती पुढच्या महिन्यात गेली. त्याच्याही पुढच्या. असे आठ महिने गेले. चांदसाहेबांना तिनं पित्त झालंय म्हणून सांगितलं होतं.

एसटीतून उतरल्यावर पेटी डोक्यावर घ्यायची तर आता वाटेत दोनदा टेकायला लागायचं. एका सकाळी ती नळावर हंडा भरत होती. हंडा उचलायला हात खाली सोडला आणि तिच्याच हातातल्या दोन बांगड्या सरळ घरंगळून मोरीत पडल्या. फुटल्या नाहीत. तिची मुलगी नूरीन मागंच उभी होती. नूरीनचं फार्मसीचं शिक्षण झालेलं, कराडला एका मेडिकल दुकानात कामाला होती. तिनं बांगड्या उचलल्या, आईच्या मनगटाकडं पाहिलं, मग चेहऱ्याकडं पाहिलं.

"अम्मी, तुझं माप काय?"

"दोन-सहा."

"ह्या दोन-सहाच हायत."

जरिनानं मनगट पदराखाली ओढून घेतलं. गावोगावच्या बायकांची मनगटं मोजणाऱ्या तिनं आपलं मनगट वर्षभर पाहिलंच नव्हतं. नूरीननं हंडा तिथंच ठेवला आणि तिला आत नेऊन दार लावून घेतलं. अर्ध्या तासानं दोघी बाहेर आल्या तेव्हा नूरीनचे डोळे लाल होते आणि जरिनानं बाहेर जायची साडी नेसली होती.

कराडच्या मोठ्या हॉस्पिटलात पोटाच्या शस्त्रक्रियेच्या डॉक्टर संयोगिता मॅडम होत्या. उंच, तुटक बोलणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आधी कुणी तपासलं होतं?"

"व्हय. आठ महिने औषध चालू हाय."

"औषध दिलं ते कळलं. तपासलं का? बोटानं, आतून?"

जरिनानं मान खाली घातली. "न्हाई. नुसतं इचारलं."

मॅडमनी तपासलं. अर्ध्या मिनिटाचं काम. हातमोजा काढताना त्यांचा चेहरा बदललेला नूरीनला दिसला. दुसऱ्या दिवशी दुर्बीण घातली, तुकडा काढला, आणि आठवड्यानं कागद हातात आला. गुदाशयाचा कॅन्सर. पसरला नव्हता, पण अगदी लहानही राहिला नव्हता.

"जगंन का?" जरिनानं विचारलं.

"बरं होण्यासारखं आहे," मॅडम म्हणाल्या. "पण वर्ष जाईल. आणि मी सांगेन ते सगळं करायचं. मध्येच सोडायचं नाही."

वर्ष खरंच गेलं. आधी सव्वा महिना रोज कराडला जाऊन रेडिएशनच्या मशीनखाली झोपायचं. वॉर्डातल्या बायका त्याला "लाईट घेणं" म्हणायच्या. मग थांबायचं. मग ऑपरेशन. मग पोटावर पिशवी, कारण आतली जोडणी भरून येईपर्यंत शौचाची वाट बाजूनं काढून दिलेली. मग वर केमोच्या सलाईनी. ऑपरेशन सरकारी योजनेत बसलं, त्याची चिंता मिटली. पण रोजचं येणं-जाणं, सोबतीला माणूस, त्यापायी बंद ठेवलेलं दुकान, पिशव्या, अंगात ताकद यावी म्हणून लागणारं खाणं, यातलं प्रत्येक छोटं छोटं आणि मिळून डोंगराएवढं. लग्नसराईचा माल त्या साली भरलाच नाही. नूरीनचा निकाह इस्लामपूरच्या नईमशी ठरला होता, तो पुढं ढकलला. चांदसाहेब इस्लामपूरला जाऊन हात जोडून सांगून आले. नईमची आई म्हणाली, "पोरगी आमचीच हाय. आईला बरी होऊ द्या, मग बघू." त्या एका वाक्यावर चांदसाहेब पुढचे सहा महिने जगले.

वॉर्डात जरिनाच्या शेजारच्या कॉटवर लोणंदची फिरदोस होती. सदतीस वर्षांची, गोरीपान, दोन लेकरांची आई. तिलाही सगळ्यांनी मूळव्याधच सांगितली होती, दीड वर्ष. ती इथं पोचली तेव्हा आजार यकृतात गेला होता. तिच्या नवऱ्यानं दोन गावांची हॉस्पिटलं पालथी घातली होती, घरासाठी घेतलेला प्लॉट विकला होता. तो दिवसभर कॉटजवळ स्टुलावर बसून राहायचा, काही बोलायचा नाही. फिरदोस मात्र बोलकी. जरिनाच्या हाताकडं बघून म्हणायची, "भाभी, बरी झाले की तुमच्याकडनं हिरव्या भरून घेनार." जरिना तिचं मनगट हातात घेऊन म्हणायची, "दोन-दोन. पोरींचं माप." आणि तिचं तिलाच ते बोलणं टोचायचं.

एका मंगळवारी, आता करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून, फिरदोसला घरी नेलं. त्याच दुपारी त्या कॉटवर सांगलीकडची दुसरी बाई आली. चादर बदलणारी सिस्टर जरिनाला म्हणाली, "मावशी, मी इथं लागले तेव्हा या आजाराची महिन्यातून दोन-तीन माणसं यायची. आता आठवड्याला तेवढी येतात. कॉट गार होत नाही."

संध्याकाळच्या फेरीला संयोगिता मॅडम आल्या. जरिनानं विचारलं, "मॅडम, ती फिरदोस आधी आली असती तर?"

"सुरुवातीलाच आली असती तर आठवड्यात घरी गेली असती. कदाचित केमोसुद्धा लागली नसती." त्यांनी हातातली फाईल मिटली. "आम्ही बोर्ड लावतो, पत्रकं वाटतो. बायका बोलतच नाहीत. या जागेचं नाव काढायचं म्हटलं की तोंड शिवतात."

"बायका बोलत्यात, मॅडम," जरिना म्हणाली. "डाक्टरपाशी बोलत न्हाईत."

"मग कुणापाशी?"

जरिना आपल्याच अंगठ्याचं मूळ दाबत राहिली. रात्रीच्या गोळ्या गिळताना ती सासूचा नियम मनात घोळवत होती. दुसऱ्याच्या घरचं नेऊ नको म्हणाली होती. आपल्याच घरचं नेऊ नको असं ती कधी म्हणाली नव्हती.

केमो संपली, केस परत आले, पिशवी निघायला अजून दोन महिने होते. पण जरिनाला घरात बसवेना. चांदसाहेब म्हणाले, "पोटावर पिशवी आन डोक्यावर पेटी, कसं करनार तू?"

"पेटी न्हाई न्यायची. खांद्याला पिशवी लावते. हिकडं एक पिशवी, तिकडं एक पिशवी, तोल सांभाळतोय."

चांदसाहेब हसले. वर्षभरानंतर पहिल्यांदा.

एसटीत चढताना मात्र तिनं पदराखालची पिशवी दोनदा चाचपून पाहिली. वास आला तर? आवाज आला तर? खिडकीजवळची जागा धरून, पदर पोटावर घट्ट आवळून ती बसली. शेजारची बाई कोथिंबिरीचं गाठोडं घेऊन होती. कोथिंबिरीच्या वासात सगळं बुडून गेलं आणि जरिनानं मनात त्या बाईला शंभर दुवा दिले.

पहिलं घर अंबूबाईंचं. चाफळच्या वाटेवरच्या वस्तीतली सत्तरीची म्हातारी, सुना-नातसुनांनी भरलेलं घर. सगळ्या ओसरीत जमल्या. "भाभी, वरीसभर कुठं होता? लय वाळलायसा!" जरिनानं बांगड्या मांडल्या, थोरल्या सुनेचा हात हातात घेतला आणि सांगायला सुरुवात केली. रक्त, पुड्या, बोटानं केलेली तपासणी, ऑपरेशन, सगळं. शेवटी तिनं पदर जरा बाजूला करून पोटावरची पिशवीही दाखवली.

थोरल्या सुनेनं हात हळूच काढून घेतला. एकीनं पदर तोंडाला लावला. "पोरं उठतील," म्हणत दुसरी आत गेली. जरिनाला जे वाटलं ते तिनं नंतर कधी कुणाला नीट सांगितलं नाही. एवढंच म्हणायची की, ऑपरेशनचं दुखणं त्यापुढं काहीच न्हवतं.

तेवढ्यात अंबूबाई काठी टेकत पुढं आल्या आणि फतकल मारून समोर बसल्या. सुरकुतलेला हात पुढं केला. "भर."

"अंबूमावशी..."

"भर म्हंते न्हवं! माझी भण ह्याच दुखण्यानं गेली. पाच वरसं झाली. मरंस्तवर मूळव्याध, मूळव्याध करत हुती. कुणी सांगितलंच न्हाई गं." मग सुनांकडं वळून ओरडल्या, "आन तुमी काय तोंडं लपवताय? तिचं आतडं कापलंय, तिची अब्रू गेली न्हाई. या हिकडं!"

त्या दिवशी अंबूबाईंच्या घरात अकरा बायकांनी बांगड्या भरल्या. निघताना थोरली सून तिला अंगणापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "भाभी, मला बी कवाकवा पडतंय. बाळंतपणापासनं." जरिनानं तिला नुसतं "जा" म्हटलं नाही. पुढच्या गुरुवारी कराडला तिच्याबरोबर गेली. तिची निघाली साधी मूळव्याधच. पण ती बाई दवाखान्यातून बाहेर आली ती हसत, आणि तिनं गावभर सांगितलं की तपासायला अर्धं मिनिट लागतं, दुखत नाही, आणि डाक्टरीण बाईच आहे.

सगळीकडं असं झालं नाही. मसूरकडच्या दोन घरांनी तिला "आता नगो" म्हणून दारातनंच परत धाडलं. एका घरी आपण पाणी प्यालेला तांब्या वेगळा काढून ठेवलेला तिनं पाहिला. अशी पाचेक गावं तुटली, पण पंधरा राहिली, आणि पिशवी निघाली त्या महिन्यात जरिना पुन्हा पेटी डोक्यावर घेऊन चालायला लागली. आता ती हात हातात घेतला की माप पाहायची, तळव्याचा रंग पाहायची, नखं पाहायची. आणि बाईनं आपलं सगळं सांगून झालं की मग हळूच विचारायची, "आन पोट? साफ हुतंय का? रगत-बिगत?" विचारण्याआधी स्वतःचं सांगायची. स्वतःचं सांगितलं की समोरचीला लाज राहायची नाही.

असंच दसऱ्याच्या आसपास ती वाघजाईवाडीला बनुबाईंच्या घरी गेली. बनुबाई पन्नाशीच्या, ऊसवाल्या घरच्या, एरवी अंगानं भरलेल्या. नवरा लालासाहेब फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. अंगणात कडक इस्त्रीचा शर्ट घालून पेपर वाचत बसलेले. जरिनानं नेहमीप्रमाणं दोन-आठची रास काढली, बनुबाईंचा हात धरला आणि बांगडी विनासायास कोपरापर्यंत गेली. तिनं दोन-सहा घातली, तीही सैल. तळवा पाहिला, पांढराफटक.

"बनुताई, काय हुतंय तुमाला?"

"काय न्हाई गं. मूळव्याध हाय जुनी. लय दिसाची."

"वजन मोजलंय?"

"उपासानं उतारलं आसंल. नऊ दिवस धरले हुते."

"नऊ दिवसांच्या उपासानं बांगडीचं माप दोनदा उतरत न्हाई, ताई. तुमी माझ्यासंगं कराडला चला."

अंगणातला पेपर खाली आला. "भाभी," लालासाहेब म्हणाले, "बांगड्या भरा आन जावा. आमच्या घरात डाक्टरकी करू नका. बायकांच्या डोक्यात काय बी भरून देऊ नका."

जरिना गप उठली. पैसेही न घेता निघाली. रस्त्याला लागल्यावर तिला फिरदोसचा नवरा आठवला, स्टुलावर बसलेला.

चार दिवसांनी ती परत गेली. या वेळी पेटी नव्हती. लालासाहेब अंगणातच होते. ती समोर उभी राहिली.

"सुभेदारसाहेब, एक इचारू?"

"इचारा."

"फौजेत तुमचं मेडिकल किती वेळा व्हायचं?"

"दरसाल. चुकत न्हवतं."

"आन बनुताईंचं?"

लालासाहेबांनी मान वळवून घराकडं पाहिलं. आतून बनुबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. जरिना म्हणाली, "मी डाक्टर न्हाई. मला त्यातलं काय कळत न्हाई. मला ह्यांचं मनगट कळतं. पंचवीस वरसं हातात धरलंय मी ते. माझ्या दुखण्याच्या आधी ह्येच मनगट दोन-आठ हुतं. मी खोटी निघाले तर पुन्हा तुमच्या दारात यायची न्हाई."

लालासाहेब बायकोच्या हाताकडं पाहत होते. संसाराच्या एवढ्या वर्षांत त्यांनी तिच्या मनगटाकडं कधी पाहिलं होतं का, कुणास ठाऊक. मग उठून आत गेले आणि जीपची किल्ली घेऊन आले.

"चला. तुमी बी बसा भाभी. पुढं बसा."

बनुबाईंच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली. लहान. भिंतीच्या आतच असलेली. संयोगिता मॅडमनी दुर्बिणीतून ऑपरेशन केलं, तेवढा भाग काढून टोकं जोडली. पिशवी लागली नाही. तपासायला पाठवलेल्या आसपासच्या ग्रंथींत पुढं काही गेलेलं आढळलं नाही, म्हणून केमोही लागली नाही. फौजेच्या कार्डावर सगळं झालं. सातव्या दिवशी बनुबाई जीपमधून घरी आल्या आणि पंधराव्या दिवशी चुलीपुढं बसून सुनेला भाकरी कशी थापायची ते पुन्हा शिकवायला लागल्या.

ज्या दिवशी कागद हाती आले त्या दिवशी मॅडमनी जरिनाला केबिनमध्ये बोलावलं. "याला आम्ही पहिली पायरी म्हणतो," त्या म्हणाल्या. "इतक्या लवकरचा पेशंट माझ्याकडं वर्षातनं क्वचित येतो. तुम्ही कशावरून ओळखलं?"

"बांगडीवरनं."

तुटक बोलणाऱ्या मॅडम खळखळून हसल्या, आणि मग चष्मा काढून डोळे पुसले.

पुढचं काम लालासाहेबांनी अंगावर घेतलं. फौजी माणूस, एकदा ठरवलं की मोर्चाच बांधायचा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी वाघजाईवाडीच्या देवळापुढं मांडव घातला. आसपासच्या चार वाड्यांतल्या बायका बोलावल्या. वाणात प्रत्येकीला एक छोटी झाकणाची डबी. हॉस्पिटलनं दिलेली, शौचात न दिसणारं रक्त शोधायची. बायका डबी हातात घेऊन एकमेकींकडं बघून तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "आगं, ह्यात हळदीकुकू ठिवायचं का?" कुणीतरी म्हणाली आणि अख्खा मांडव हसून लोटपोट झाला. जरिना माइकपुढं उभी राहिली. तिनं कधी माइक धरला नव्हता. तिनं तो बांगडीसारखा दोन बोटांत धरला आणि म्हणाली, "हसा, हसा. मी आठ म्हैने रडत बसले हुते, कुणाला सांगितलं न्हाई. हसत सांगितलं आसतं तर आतडं वाचलं आसतं." बायकांनी तोंडाचे पदर खाली घेतले. मग तिनं सगळं सांगितलं.

एकशे त्रेचाळीस डब्या गेल्या आणि एकशे सव्वीस परत आल्या. नऊ जणींना दुर्बिणीला बोलावलं. सात जणींचं काही नव्हतं, मूळव्याध नाहीतर चीर. एकीला आतड्यात कोंब निघाला, तो तिथल्या तिथं काढून टाकला. मॅडम म्हणाल्या, हाच पाच-सात वर्षांनी कॅन्सर झाला असता. आणि एकीला, चौतीस वर्षांच्या अंगणवाडीच्या बाईला, खरोखरच सुरुवातीचा कॅन्सर निघाला. आज ती अंगणवाडीत पोरांना गाणी शिकवते.

नूरीनचा निकाह मे महिन्यात झाला, इस्लामपूरला. दीड वर्ष थांबलेला नईम शेरवानीत घामाघूम होऊन बसला होता आणि त्याची आई सगळ्यांना सांगत होती, "ही माझी समधीण, हिनं मरणाला परतवून लावलं." लग्नाला मणेरांचं सगळं गणगोत आलेलं. मणेर म्हणजे निम्म्या घरांत बांगड्यांचाच धंदा. लोणंद, कराड, इस्लामपूर, आष्टा, विटा, सगळीकडच्या बांगडीवाल्या एका खोलीत. जेवणं झाल्यावर जरिनानं खोलीचं दार लावून घेतलं. बाहेर पुरुषांना वाटलं देण्याघेण्याचं काहीतरी चाललंय. आत जरिना विचारत होती, "तुमच्या गावातल्या बायकांची मापं तुमाला ठाऊक हायत न्हवं?"

"तोंडपाठ."

"ज्यांची दोनदा उतरली त्या किती?"

बायका बोटांवर मोजायला लागल्या. मग लोणंदची एक बाई म्हणाली, "आमच्याकडं फिरदोस म्हणून हुती. माझंच गिऱ्हाईक. तिचं मनगट उतरताना मी पायलं हुतं, भाभी. मला कळलं न्हाई."

जरिना उठून तिच्याजवळ जाऊन बसली. तिनं तिचा हात हातात घेतला. "मला बी माझं कळलं न्हवतं," ती म्हणाली. "आता कळंल."

जूनमध्ये कराडच्या हॉस्पिटलच्या छोट्या सभागृहात सतरा बांगडीवाल्या येऊन बसल्या. संयोगिता मॅडमनी दोन तास समजावलं. काय विचारायचं, किती दिवसांचं रक्त म्हणजे वेळ घालवायचा नाही, घरात आधी कुणाला झालं होतं का ते विचारायचं, आणि वजन उतरणं, अशक्तपणा, शौचाची सवय बदलणं यांकडं लक्ष ठेवायचं. जेवणाच्या सुटीत त्या सतराजणींनी मॅडमना खुर्चीत बसवून दोन्ही हातांत बांगड्या भरल्या. मॅडम शस्त्रक्रिया करणाऱ्या, बांगड्या घालायची सवय नाही. पण त्या दिवशी त्यांनी त्या काढल्या नाहीत. दुपारच्या ओपीडीत पेशंट तपासताना त्या वाजत होत्या.

वर्षभरात त्या सतराजणींनी मिळून साठावर बायका तपासणीला पाठवल्या. बहुतेकांचं काही निघालं नाही आणि त्या पेढे घेऊन आल्या. सहा जणींचं निघालं, आणि सहापैकी पाच वेळेत पोचल्या. मॅडम म्हणतात, एकेका लवकर आलेल्या बाईमागं एक अख्खं घर वाचतं. प्लॉट विकावा लागत नाही, पोरांची शाळा बुडत नाही, कॉट रिकामी राहते.

जरिनाची स्वतःची तिसऱ्या वर्षाची तपासणी यंदा फेब्रुवारीत झाली. स्वच्छ. कागद पर्समध्ये कोंबून ती धावत स्टँडवर गेली, कारण पालच्या यात्रेतला उरलेला माल आणायचा होता आणि तारळ्याची गाडी सुटत होती.

गेल्या पावसाळ्यात वाघजाईवाडीचा ज्ञानू दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. ज्ञानूचं गावात केशकर्तनालय आहे, एक आरसा आणि दोन खुर्च्या. बरोबर लालासाहेबही होते. संक्रांतीच्या मांडवात बायकांना डब्या वाटल्या तेव्हा भिंतीआडून बाप्ये डोकावत होते. लालासाहेबांनी सगळ्यांसमोर स्वतः एक डबी उचलली होती. पण त्यानंतर दुसरा एकही बाप्या पुढं आला नव्हता.

"भाभी," लालासाहेब म्हणाले, "बायकांचं तुमी बघताय. बाप्यांचं काय? त्यांच्या मनगटात कोण बांगड्या भरनार?"

"म्हून मी आलोय," ज्ञानू म्हणाला. "सगळे बाप्ये माझ्याकडं बसत्यात. पर भाभी, खुर्चीत बसला की गडी राजकारण बोलतो, उसाचा दर बोलतो. त्याच्याकडनं ह्ये कसं काढायचं?"

"वस्तरा कुठं आसतो तवा?"

"गळ्यावर."

"मग गळ्यावर वस्तरा ठिवून इचार. खोटं बोलनार न्हाई."

गल्ल्यावरचे चांदसाहेब इतके हसले की समोरच्या दुकानातला माणूस काय झालं म्हणून बघायला आला. मग जरिनानं ज्ञानूला पायरीवरच नीट बसवलं आणि पहिल्या प्रश्नापासून शिकवायला सुरुवात केली. ज्ञानूनं दाढीच्या ब्लेडच्या पाकिटावर सगळं लिहून घेतलं.

पुढच्या शुक्रवारी त्यानं दोघांना कराडला धाडलं. त्यांतला एक त्याचा सख्खा थोरला भाऊ होता.